सॅड व्हायोलिन ३

परवा थंडीचे कपडे काढायला कपाटाचा वरचा कप्पा उपसला तेव्हा स्वेटरच्या घडीत एक जुना पेन ड्राइव्ह सापडला, चार जीबीचा, टोपण हरवलेलं, वर पांढरी चिकटपट्टी आणि त्या पट्टीवर माझ्याच अक्षरात ‘नाटक म्युझिक, हात लावू नये’. वाटलं गेला असेल कामातून, पण लॅपटॉपला लावला तर उघडला की. आत फोल्डर. सॅड. टेन्शन. पाऊस आणि बेडूक. एसटी स्टँड. फायनल. फायनल फायनल. फायनल हेच. ज्यांनी हौशी नाटकाला म्युझिक ऑपरेट केलंय त्यांना आत्ता हसू आलं असेल, बाकीच्यांना एवढंच सांगतो की असा पेन ड्राइव्ह प्रत्येक ग्रुपमध्ये एकाकडे असतो, आणि त्यातलं एकही गाणं कुठून आलं हे त्यालाही माहिती नसतं. याच्याकडून त्याच्याकडे, मुंबईच्या ग्रुपकडून पुण्याच्या, पुण्याच्या ग्रुपकडून आपल्याकडे, आणि प्रत्येक जण जाता जाता नाव बदलतो.

सॅड फोल्डरमध्ये सॅड व्हायोलिन १ ते ९ आहेत. मला ३ नंबरबद्दल लिहायचंय.

२०११ साल. राज्य नाट्य स्पर्धा, नाशिक केंद्र, प. सा. म्हणजे परशुराम सायखेडकर नाट्यगृह. मी तेव्हा सातपूरला एका कंपनीत नवीनच लागलेलो, फर्स्ट शिफ्ट करून चारला सुटायचो आणि तसाच डबा पाठीवर घेऊन तालमीला. अभिनय मला येत नाही हे कॉलेजातच सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे माझ्याकडे म्युझिक. आमचे दिग्दर्शक म्हणजे अण्णा, वयाने आमच्यापेक्षा पंधरा वर्षं मोठे, बँकेत नोकरी, आणि नाटकाशिवाय दुसरं काही डोक्यात नाही. नाटक दोन भावांचं होतं, निफाडकडची द्राक्षबाग, गारपीट, कर्ज, मग वाटणी, आणि या सगळ्यात एक आई जी पूर्ण नाटकभर जवळजवळ बोलतच नाही. शेवटाकडे वाटणीचं भांडण संपतं, दोघं दोन बाजूंनी निघून जातात, आणि आई ओट्यावर बसून सुपात गहू निवडत राहते. संवाद शून्य. पूर्ण दोन मिनिटं. अण्णा म्हणाले इथे काहीतरी दे, पण रडवणारं नको, आधीच रडवून झालंय.

मी नऊच्या नऊ सॅड ऐकवले. तिसऱ्याला अण्णा म्हणाले थांब, हे काय आहे. व्हायोलिन, चेलो असलं काहीतरी, अगदी हळू, एकाच जागी श्वास घेत बसल्यासारखं. फाइल फक्त चाळीस सेकंदांची, मागचा भाग कोणीतरी कापून टाकलेला. मी ते लूप केलं, तीनदा फिरलं की दोन मिनिटं. लूपच्या सांध्यावर एक बारीक खट्ट यायचं, ते घालवायला मी एक रात्र जागलो होतो, गेलं नाही, मग पावसाचा आवाज हलका वर टाकून झाकलं. असो.

प्रयोगाच्या दिवशी मी उजव्या विंगेत. टेबल, लॅपटॉप, क्यू शीट म्हणजे कुठल्या शब्दाला कुठलं म्युझिक त्याची यादी, तोंडात धरलेली छोटी टॉर्च. मध्यंतरात आमच्या थोरल्या भावाला, म्हणजे ते काम करणाऱ्याला, कुठल्यातरी इंटरव्ह्यूचा मेल बघायचा होता म्हणून त्याने त्याचं नेटचं डोंगल माझ्या लॅपटॉपला लावलं, आणि तिसरी घंटा झाल्यावर तो धोतर सावरत पळाला, डोंगल तसंच. दुसरा अंक झक्क चालला. भांडण झालं, पोरं गेली, आई बसली, प्रकाश एका कोपऱ्यापुरता उरला, मी सॅड व्हायोलिन ३ फेड इन केलं. हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नव्हतं. पहिला फेरा. दुसरा फेरा. सुपात गव्हाचा आवाज, सर्र, सर्र. आणि तिसऱ्या फेऱ्याच्या तोंडाशी माझ्या लॅपटॉपमधल्या अँटीव्हायरसची बाई स्पष्ट, स्वच्छ, आनंदी आवाजात, नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरवर बोलली, की व्हायरस डेटाबेस हॅज बीन अपडेटेड.

मी काय केलं ते मला आठवत नाही. आईचं काम करणाऱ्या काकूंनी मान वर केली नाही, गहू निवडत राहिल्या, त्या बाईंना माझा आजन्म नमस्कार. प्रेक्षकांत मागून एक फिस्सकन हसू आलं आणि विरलं. मेकअप उतरवताना कोणीच माझ्याशी बोलेना, तेवढ्यात परीक्षकांपैकी एक जण आत भेटायला आले आणि अण्णांना म्हणाले, ती अनाउन्समेंट मुद्दाम होती का हो? अण्णा डोळा न हलवता म्हणाले, हो सर, ते शेतीत घुसलेलं यंत्रयुग आहे. परीक्षक मान डोलवत गेले. बक्षीस काही मिळालं नाही, पण पुढे दोन वर्षं ग्रुपमध्ये कोणाचा वाढदिवस असला की केक कापताना सगळे एका सुरात ते वाक्य म्हणायचे.

मग लग्न, मुलगी, शिफ्ट, अण्णांची बदली. नाटक सुटलं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये रात्री जेवून मोबाइल चाळत बसलो होतो, कोणीतरी लिहिलेलं की योहान योहानसन गेला, बर्लिनमध्ये, वय अठ्ठेचाळीस, आणि खाली एक गाणं लावलेलं. नाव ओळखीचं वाटलं, सिनेमाचं संगीत करायचा, स्टीफन हॉकिंगवरच्या सिनेमाला गोल्डन ग्लोब मिळालेलं, ऑस्करला नामांकन, तेवढंच माहिती. सहज प्ले केलं. आणि पहिल्या काही सेकंदांतच माझ्या पोटात ते जुनं विंगेतलं गार पडलं. सॅड व्हायोलिन ३. तेच. ओट्यावर आई आणि सूप. मी आपोआप वाट बघायला लागलो की आता खट्ट होणार आणि लूप फिरणार, आणि जिथे माझी फाइल संपायची तिथे ते न संपता पुढे गेलं, आणि आत एक आवाज आला. माणसाचा नाही. कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटर गात होता.

मी खरंच उठून बाहेर गॅलरीत गेलो. बायकोने विचारलं काय झालं, तिला काय सांगणार.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत शोधलं. तुकड्याचं खरं नाव ओडी एट आमो. अल्बमचं नाव एंग्लाबोर्न, म्हणजे देवदूत-मुलं, २००२ साली टच नावाच्या छोट्याशा ब्रिटिश लेबलने काढलेला, योहानचा पहिला स्वतःचा अल्बम. आणि हे सगळं संगीत मुळात एका नाटकासाठी केलेलं! आइसलँडमधलं त्याच नावाचं नाटक, लेखक हाउवार सिगुर्योन्सोन. म्हणजे जे संगीत रंगमंचासाठी जन्मलं ते फिरत फिरत, नाव गमावत, शेपूट कापून घेत पुन्हा रंगमंचावरच आलं, ते पण कुठे तर नाशिकमध्ये शालिमारजवळच्या प. सा. नाट्यगृहात. अल्बम निघाला तेव्हा अख्ख्या आइसलँडची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती, आपल्या एकट्या नाशिक शहराची २०११ च्या जनगणनेत १४ लाख ८६ हजार. एवढ्याशा भाषेतलं नाटक, आणि माझ्या चिकटपट्टीच्या पेन ड्राइव्हमध्ये.

तो गाणारा कॉम्प्युटर काय म्हणतो तेही बघितलं. कटुलस नावाचा जुना रोमन कवी, दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्याची दोनच ओळींची लॅटिन कविता, चौदा शब्द. अर्थ साधारण असा, की मला राग पण आहे आणि प्रेम पण आहे, असं का विचारशील तर मला ठाऊक नाही, होतंय खरं आणि त्यात जीव पिळवटतोय. आमच्या नाटकातली आई दोन अंकभर न बोलता हेच तर म्हणत होती. मी तो आवाज कापून घेतला नव्हता, मला कापलेलीच फाइल मिळाली होती, तरी वाटलं तिचा संवाद आपणच खाल्ला.

पूर्ण अल्बम मी नीट ऐकला तो त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये, सेकंड शिफ्टहून आल्यावर, सगळे झोपलेले, निफाडला पारा पाच-सहावर गेल्याच्या बातम्या, मी स्वयंपाकघरात गॅसजवळच्या खुर्चीत कानटोपीवर हेडफोन घालून. सोळा तुकडे आहेत. पाऊण तास. एक गोष्ट लगेच कळते, की हे गाणी म्हणून बांधलेलं नाहीये, प्रवेश म्हणून बांधलेलं आहे. बहुतेक तुकडे दोन-तीन मिनिटांचे, आणि ते संपत नाहीत, थांबतात. जसा ब्लॅकआऊट झाला की आपण आवाजाचा फेडर खाली ओढतो तसे. साध्या श्रोत्याला ते अर्धवट वाटेल, मला मात्र प्रत्येक तुकड्याच्या शेवटी लाइटवाल्याचा हात दिसतो.

दुसरं म्हणजे नावं. आइसलँडिक मला कुठून येणार, पण नावांचे अर्थ मिळतात, आणि ती नावं एका खाली एक वाचली तर क्यू शीटच आहे. योई आणि कारेन. हे चांगल्या चांगल्या घरांत होतं. मानसशास्त्रज्ञ. मी तुला कधीच सोडणार नाही. मानसशास्त्रज्ञ मरतो. अंघोळ. कारेन देवदूत तयार करते. मगर. साध्या माणसांसारखे. मगर कुठून आली! आणि ‘मानसशास्त्रज्ञ मरतो’ नंतर लगेच ‘अंघोळ’ हे वाचून मला थंडीत घाम फुटला. नाटक हिंसेचं आहे, घरातल्या घरात होणाऱ्या हिंसेचं, आणि योहानने ठरवून उलटं काम केलंय, मंचावर जे भयंकर चाललंय त्याच्या विरुद्ध बाजूला जितकं सुंदर आणि हळुवार लिहिता येईल तितकं लिहिलं. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे व्हायोलिन-चेलोवाल्या चौघांचा ताफा, पियानो, बारीक घंटीसारखं ग्लॉकेनस्पील, मागे इलेक्ट्रॉनिक काहीतरी पुसट. कुठेही धाडकन काही नाही.

हे वाचल्यावर मला माझी टेन्शन नावाची फोल्डर आठवली आणि लाज वाटली. आपल्याकडे स्पर्धेच्या नाटकात भांडण आलं की ढोल, मरण आलं की सारंगी, सस्पेन्स आला की तो एक ठरलेला घुंईंईं आवाज. म्हणजे नट जे आधीच ओरडून सांगतोय ते आपण परत स्पीकरवरून ओरडून सांगायचं. माझंही तेच. नऊ वर्षांत अण्णांनी मला रडवणारं नको असं एकदाच सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी बरं झालं होतं, डेटाबेसवाल्या बाई येईपर्यंत.

पण सगळ्यात जास्त अडकलो ते एका नावावर. त्याचा इंग्रजी अर्थ लोकांनी ‘न ऐकता मी सगळं ऐकलं’ अशा धर्तीवर केलाय, तो मराठीत तसाच घेतला तर कोड्यासारखा वाटतो. त्यांच्याकडे ऐकू येणं आणि लक्ष देऊन ऐकणं याला दोन वेगळे शब्द आहेत. मग मला आपलं सुचलं. सगळं कानावर पडलं, कान न देता. बहुतेक घरातल्या लहान मुलाबद्दल असावं ते, पलीकडच्या खोलीत काय चाललंय ते झोपेचं सोंग घेऊन. पण मला ते विंगेतल्या माणसाचं वाक्य वाटलं. कारण आमचं नाटक मी कधी पाहिलंच नाही. तालमी धरून चाळीसेक वेळा मी ते विंगेतून ऐकलं, तेही पूर्ण नाही, फक्त क्यूचे शब्द येईपर्यंत. धाकट्याचं ‘मग घ्या सगळं’ आलं की तीन सेकंदांनी सात नंबर. तो का म्हणतोय, त्याचा चेहरा कसा झालाय, मला काय त्याचं. सगळं कानावर पडायचं. आजही अख्खं नाटक पाठ आहे आणि ते दिसतं कसं हे मला माहिती नाही.

एक गंमत अजून. स्टेजचं संगीत संवादाखाली सरकायला बनवलेलं असतं, त्यात मधे मोकळी जागा ठेवतात, नटाच्या आवाजाला बसायला. या अल्बममध्ये ती जागा तशीच राहिलीय. नट गेले, नेपथ्य उचललं, जागा राहिली. हेडफोनवर ऐकताना काही ठिकाणी माझा अंगठा आपोआप मोबाइलच्या आवाजाच्या बटणावर जातो, थोडं खाली घ्यायला, कारण आता इथे कोणीतरी बोलणार. कोणी बोलत नाही. फ्रिजची घरघर, बाहेर सोसायटीचा वॉचमन खुर्ची सरकवतो, तेवढंच.

हे न पाहिलेल्या नाटकाचं संगीत ऐकणं आपल्याला काही नवीन नाही म्हणा. माझी आजी. पंचवटीत जन्म गेला तिचा, रेडिओ हा तिचा सख्खा भाऊ. मत्स्यगंधाची सगळी पदं तिला तोंडपाठ, ते नाटक १९६४ चं, लिहिणारे वसंत कानेटकर म्हणजे आपल्या नाशिकचेच, एचपीटी कॉलेजात शिकवायचे, आणि चाली जितेंद्र अभिषेकींच्या. आजीने नाटक एकदाही पाहिलेलं नव्हतं. तिला कोण नेणार नाटकाला. पण गर्द सभोवती लागलं की ती भाजी निवडता निवडता थांबायची आणि मला सांगायची, त्या पोरीची ना नथ पडलीये नदीत. नदी म्हणजे अर्थात गोदावरी, आणि जागा म्हणजे सोमेश्वरच्या पुढचा तो खडकाळ भाग. मी कॉलेजात असताना शहाणपणा करून तिला खरी गोष्ट सांगायला गेलो, पराशर, सत्यवती, भीष्म वगैरे, तर तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, असेल, पण नथ पडलीये. विषय संपला. आजीच्या मत्स्यगंधात ती नथ शेवटपर्यंत सापडली नाही आणि माझ्या एंग्लाबोर्नमध्ये ओट्यावर एक बाई गहू निवडतेय. हाउवार सिगुर्योन्सोन साहेबांनी रागवू नये.

योहानबद्दल मग बरंच वाचलं. १९९९ मध्ये रेक्याविकमध्ये त्याने मित्रांबरोबर किचन मोटर्स नावाचं काहीतरी सुरू केलेलं, पंकवाले, जॅझवाले, शास्त्रीयवाले अशा एकमेकांकडे न बघणाऱ्यांना एकत्र बसवून काम करायला लावायचे. नाव ऐकून मला आमच्या तालमीची जागा आठवली, मागे गॅरेज, पुढे पोळी-भाजी केंद्र. त्याचे वडील आयबीएम १४०१ या मोठ्या कॉम्प्युटरच्या मेंटेनन्सला होते, ते मशीन आइसलँडला १९६४ साली आलं, हो, मत्स्यगंधाचंच साल. मशीन चालू असताना जवळ रेडिओ धरला की त्यातून सूर निघतात हे वडिलांना समजलं, त्यांनी ते टेपवर घेऊन ठेवले, आणि मुलाने पुढे २००६ मध्ये त्याच टेपवर अख्खा अल्बम केला. तोसुद्धा मुळात एका नृत्याच्या प्रयोगासाठीच. म्हणजे याच्या घरात कॉम्प्युटर गाणारच होता. मी मेंटेनन्सवाल्यांबरोबर रोज चहा पितो, आमच्या कॉम्प्रेसरजवळ रेडिओ धरून बघायचं मनात आहे, पण लोक काय म्हणतील.

मार्च २०१८ मध्ये, तो गेल्यावर दीड महिन्यातच, एंग्लाबोर्न पुन्हा निघाला, जोडीला त्यावर इतरांनी केलेल्या व्हेरिएशन्स, एक तर जपानी संगीतकार रयुइची साकामोतोची. त्या मी दोनदा ऐकल्या, चांगल्या आहेत, पण माझं मन मूळ सोळांतच. शेवटचा सोळावा तुकडा पुन्हा ओडी एट आमोच आहे. पडदा पडताना सुरुवातीचंच परत वाजवायचं, ही युक्ती आपल्याकडेही प्रत्येक जण करतो, पण इथे ती लागते, कारण पहिल्यांदा ऐकताना तो कॉम्प्युटरचा आवाज विचित्र वाटतो आणि पाऊण तासाने त्याचीच कीव यायला लागते. बिचाऱ्याला कळत नाहीये तो काय गातोय. किंवा कळतंय. अल्बमचे पैसे मी दिले, उशिरा दिले, सात वर्षांचं व्याज राहिलं.

तर पेन ड्राइव्ह सापडला म्हणून अण्णांना फोन केला. रिटायर होऊन परत नाशिकला आलेत, इंदिरानगरला राहतात, आवाज तसाच. आधी यंदाच्या स्पर्धेवर यथेच्छ तोंडसुख घेऊन झालं, मग गुडघे, मग मी म्हटलं अण्णा ते गव्हाचं म्युझिक आठवतं का, ते पूर्ण सापडलंय, पाठवू का. म्हणाले पाठव. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन.

‘ऐकलं रे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं, हेडफोन कुठंयत कोणास ठाऊक. मधे ते कोण गातंय? बाई आहे का बुवा?’

म्हटलं, ‘कॉम्प्युटर आहे अण्णा.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे कॉम्प्युटरच. त्याने मुद्दाम घातलाय. आपण लूप फिरवायचो ना, त्याच्या पुढेच तो येतो.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मागे काकूंचा आवाज येत होता, दूध वर आलंय म्हणून.

‘बघ,’ अण्णा म्हणाले, ‘मी त्या परीक्षकाला खोटं नव्हतो बोललो.’